फलकावरील तीन चुका

प्रार्थनामंदिरातून मी सात मिनिटांनी बाहेर आलो, तेव्हा उंबरठ्याबाहेर काढून ठेवलेले माझे बूट चारशे वर्षे जुने झाले होते.

चामडे वाळून करवंटीसारखे कडक झाले होते. नाड्यांच्या जागी करड्या धुळीच्या दोन रेघा उरल्या होत्या. बूट काचेच्या पेटीत होते, पेटी लाकडी चौथऱ्यावर होती आणि चौथऱ्याभोवती लाल दोर होता. ते माझेच होते याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी चालताना डावीकडे कलतो, त्यामुळे डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजते. ती झीज चारशे वर्षांनीही जशीच्या तशी होती.

विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या एकदिवसीय सहलीतले ते शेवटचे ठिकाण. सकाळी किल्ला पाहिला, दुपारी पाणचक्की, आणि आता उत्तर इंग्लंडमधील हा ओसाड मठ. बावीस जणांत बूट काढणारा मी एकटा. देवघर कोणत्याही देवाचे असो, पायताण घालून आत जायला माझा पाय उचलत नाही.

"अबे पंडित," माझा सहाध्यायी बोंद्रे म्हणाला होता, "इथं बूट चोरणारा बी कोणी नाही अन् सांभाळणारा बी नाही. कोणासाठी काढून राहिला?" बोंद्रे वर्ध्याचा. तो बुटांसकट आत गेला आणि त्याच बुटांसकट बाहेर आला.

बस साडेचारला सुटणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा होती. बखरींतील कालगणना हा विषय. चार वर्षे, तीनशे अठरा पाने. परीक्षा पुढे ढकलण्याची सवलत मी आधीच एकदा वापरली होती. ही चुकली, तर पदवीवाचून साताऱ्याला परतणे एवढेच उरत होते. घड्याळात चार वाजून बारा मिनिटे झाली होती.

"मोज्यातच चाल ना बे," बोंद्रे म्हणाला. "उद्या परीक्षेत काय पाय पाहणार हायेत का तुझे?"

मी निघालोच होतो. परंतु मी पेटीच्या काचेवरचा फलक वाचला.

'यात्रेकरूची पादत्राणे. इ. स. १६२४. मालक याच मठात निवर्तला.'

"तीन विधाने," मी म्हणालो, "आणि तिन्ही चूक."

"मग?"

"हे असे ठेवून मला जाता येणार नाही. लोक वाचतील आणि खरे मानतील."

"मानू दे ना! तुले काय करायचं हाय?" माझ्याकडे पाहून त्याने नाद सोडला. "भांड तू. मी खिडकीची जागा धरून ठेवतो."

कमानीखाली एका मेजाशी रखवालदार पेन्सिलीला टोक करीत बसला होता. छातीवरच्या पट्टीवर हॅलम असे नाव होते. वृद्ध, सौम्य, हातांत पांढरे मोजे.

"आपल्या फलकात चुका आहेत," मी म्हणालो.

"असतात," तो म्हणाला. "आपण सांगा. इतक्या आस्थेने वाचणारे आमच्याकडे क्वचित येतात."

मी म्हणालो की मालक यात्रेकरू नव्हता, विद्यार्थी होता, म्हणजे आहे. हॅलमने आधाराची विचारणा केली. मी ओळखपत्र दिले. त्याच्या हाती जाताच ते पिवळे पडले आणि माझ्या छायाचित्राचा रंग चहासारखा झाला. "उत्तम स्थितीत आहे," असे म्हणून त्याने ते पेटीत बुटांशेजारी ठेवले.

"ते मला परत हवे."

"आता ते संग्रहात आहे. त्याला हात लावण्याची आपल्याला परवानगी नाही. मलाही नाही."

मी फलकाकडे वळून पाहिले. तो बदललेला होता: 'विद्यार्थ्याची पादत्राणे व ओळखपत्र.' खरे सांगायचे तर मला समाधान वाटले. पेटी आता पूर्वीपेक्षा रुंद होती, परंतु दोन वस्तूंना तेवढी जागा लागणारच.

दुसरी चूक सनाची. बूट गेल्या दिवाळीत साताऱ्यात घेतलेले, माप आठ. हॅलमने हे सारे सुवाच्य अक्षरांत टिपले. मग म्हणाला की सन पादत्राणांवरून नव्हे, पायावरून ठरवावा लागेल. चौथऱ्यावर दोन पावलांच्या आकृती काढलेल्या आहेत, तिथे क्षणभर उभे राहावे. मागणी रास्त होती. मी दोर ओलांडला आणि मोज्यांतले पाय आकृतींवर ठेवले. ते नेमके बसले. डावे पाऊल किंचित बाहेर कललेले होते, तेही.

"जुळते," हॅलम म्हणाला आणि सन खोडला.

"आता तिसरी चूक," मी म्हणालो. चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. "मालक जिवंत आहे."

"आधार?"

"मी स्वतः."

"स्वतःविषयी स्वतःचे कथन आम्ही दुय्यम आधार मानतो," तो खेदाने म्हणाला. "समकालीन आणि त्रयस्थ असा एखादा साक्षीदार असावा."

हेच वाक्य मी प्रबंधाच्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिले होते आणि त्यासाठी मार्गदर्शकांशी दोन महिने भांडलो होतो. "साक्षीदार बसमध्ये आहे," मी म्हणालो, "मी त्याला घेऊन येतो." मी मागे सरलो, तेव्हा पाठीला काच लागली. उजवीकडेही लागली. बूट माझ्या पायांशी होते.

साक्षीदार आपण होऊनच आला. बोंद्रे धापा टाकीत कमानीतून शिरला आणि हॅलमला म्हणाला की आमच्यातला एक जण मागे राहिला आहे. उंच, चष्मा, पायांत बूट नाहीत.

"बोंद्रे!" मी म्हणालो. "याला सांग, मी जिवंत आहे. एवढे एकच वाक्य."

काचेवर माझ्या श्वासाचा डाग उमटला. हॅलमने नम्रपणे पेटीकडे हात केला. बोंद्रे जवळ आला आणि कपाळाला आठ्या घालून फलक वाचू लागला. आतून मला तो उलटा दिसत होता, तरी मीही त्याच्याबरोबर वाचला. माझे नाव, गाव, प्रबंधाचा विषय, पानांची संख्या, बुटांचे माप. एकही अक्षर चुकीचे नव्हते. शेवटची ओळ अशी होती: 'मालक जिवंत असल्याचे एक मत आहे.'

"च्यामायला," बोंद्रे हळूच म्हणाला. "नाव बी तेच. अन् तोंड बी तसंच, आंबट." तो हसला, मग हसायचा थांबला. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याची नजर माझ्या मोज्यांवर उतरली. "कुठं जाऊन बसला रे तू? उद्या परीक्षा हाय तुझी."

"इथे," मी म्हणालो. "बोंद्रे, इथे."

बाहेर बसचा भोंगा वाजला. त्याने मोबाइल काढून माझे छायाचित्र घेतले, ते नीट आले की नाही हे पाहिले आणि धावत गेला.

कमानीतून बसचे दार दिसत होते. सहलीच्या प्रमुख बाई पायरीवर उभ्या राहून बोट नाचवीत माणसे मोजत होत्या. एकवीस व्हायला हवी होती. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. त्या बावीस म्हणाल्या, यादीवर खूण केली आणि दार मिटले. बोंद्रेने खिडकीपाशी धरून ठेवलेल्या जागेवर कोणीतरी बसलेले होते. उन्हाच्या तिरिपीमुळे चेहरा दिसला नाही. बस वळणावरून गेली. चार वाजून तीस मिनिटे झाली होती.

हॅलम पिवळे फडके घेऊन आला. माझ्या तोंडासमोरचा डाग त्याला दिसला. त्याने तो एकदा पुसला, वाकून उजेडात पाहिले आणि पुन्हा पुसला. डाग काचेच्या आतल्या बाजूला होता. हॅलमने मान हलवली आणि तो दुसरे फडके आणायला गेला.