शिओरीची निरोपवही

मिसाओ ओनोदेरा पाळणाघरात शिरली की आधी मुलांकडे बघत नसे. तिची नजर पहिल्यांदा कपाटांच्या माथ्याकडे जाई. भूकंपात कलंडू नयेत म्हणून ती भिंतीला जखडली आहेत की नाहीत हे हाताने हलवून पाहिल्यावर ती खाली वळे, मग खेळण्यांच्या टोपलीत हात घाली, आणि त्यातली लहानसहान वस्तू आपल्या पिशवीतल्या प्लास्टिकच्या कड्यातून आरपार जाते का हे एकेक करून बघे. कड्यातून जी वस्तू जाई ती बाळाच्या घशातही जाऊ शकते, एवढाच त्या कड्याचा अर्थ. कुरोहामाच्या नगरपालिकेत हे काम करता करता तिला अकरा वर्षं झाली होती. समुद्रकाठच्या त्या गावातली आठही पाळणाघरं तिला तोंडपाठ होती. कुठल्या नळाला पाणी जास्त गरम येतं, कुठल्या फाटकाची कडी सैल आहे, सगळं. मुलं मात्र तिला ओळखता येत नसत. ती दर वर्षी वेगळी असत.

नववं पाळणाघर त्या शरद ऋतूत सुरू झालं होतं. जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत, एकोणीस मुलांपुरतं. त्याची पहिली तपासणी फेब्रुवारीत आली. मिसाओबरोबर नेहमीप्रमाणे शिराहाता-सान होते, निवृत्तीला वर्ष राहिलेले, स्वयंपाकघर तपासण्यात हातखंडा असलेले. रोजच्या जेवणाचा नमुना दोन आठवडे गोठवून ठेवायचा असतो, ते डबे उघडून बघण्यात त्यांना खरा रस.

"मी डबे बघतो, तुम्ही झोपाळू मंडळी बघा," ते बूट काढत म्हणाले. "माझ्या घोरण्याची नोंद कोणी ठेवत नाही, तेवढंच बरं."

पाळणाघराच्या मुख्य बाई काशिवागुरा सेन्सेई, साठीच्या, बारीक चणीच्या, मास्कवरून फक्त डोळे दिसणाऱ्या. मास्क सगळ्यांनाच होते. थंडीच्या दिवसांत त्या गावात तोंड उघडं टाकून कोणी हिंडत नसे. मिसाओने ओळखपत्र पुढे धरलं तेव्हा बाईंनी ते जरा जास्तच वेळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि इतक्या हलक्या आवाजात की शेजारच्या शिराहातांनाही ऐकू जाऊ नये, म्हणाल्या, "काळजी करू नका. मी काही बोलणार नाही."

मिसाओला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिने मान लववली आणि आत गेली.

दुपारच्या झोपेची वेळ होती. पडदे अर्धवट ओढलेले, जमिनीवर दोन रांगांत गाद्या, आणि एक तरुण ताई दर थोड्या मिनिटांनी प्रत्येक मुलाच्या नाकाशी बोट नेऊन श्वास तपासत होती व चेहरा कुठल्या बाजूला आहे ते तक्त्यावर बाणाने नोंदवत होती. मिसाओ तिच्या मागोमाग वाकून वाकून तक्ता आणि मुलं ताडून बघू लागली. सगळं चोख होतं. खिडकीजवळच्या शेवटच्या गादीवर एक मुलगी होती, तीन वर्षांची व्हायला आलेली, केस कपाळावर सरळ कापलेले. मिसाओ वाकली तशी तिने डोळे उघडले. मुलं अशी जागी झाली की अनोळखी चेहरा बघून रडतात. ही रडली नाही. घरातलं माणूस खोलीतून गेलं तर जसं बघावं तसं तिने बघितलं, आणि पुन्हा डोळे मिटले.

तक्त्यावर नाव होतं, शिओरी ओनोदेरा.

"तुमच्या नात्यातली की काय?" शिराहाता मागून डोकावत पुटपुटले.

"या भागात ओनोदेरा काय कमी आहेत?" मिसाओ म्हणाली. आणि ते खरंच होतं.

नोंदींसाठी ती कचेरीच्या खोलीत बसली. तीन मुलांची कागदपत्रं नमुन्यादाखल बघायची असतात. कुठली निवडायची ते तिचं तिने ठरवायचं असतं, आणि आपण तिसरी फाईल शिओरीची का काढली याचा तिने त्या वेळी विचार केला नाही. फाईलबरोबर निरोपवही होती. आईने रोज रात्री घरचं लिहायचं, काय खाल्लं, किती झोपलं, ताप किती. आणि ताईंनी दिवसभराचं लिहून ती संध्याकाळी परत द्यायची. मिसाओने अशा हजारो वह्या चाळल्या होत्या.

तिने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं, आणि आपलीच टिपणवही चुकून हातात आली असं वाटून ती खाली ठेवली.

मग पुन्हा उचलली. अक्षर तिचं होतं. डावीकडे किंचित कललेलं, आणि वाक्य संपल्यावर पूर्णविराम म्हणून काढायचं ते बारीकसं वर्तुळ, जे तिच्या हातून शाळेत असल्यापासून कधी पुरतं मिटत नसे, ते प्रत्येक ओळीच्या शेवटी तसंच उघडं राहिलेलं.

"रात्री भोपळा सगळा खाल्ला, टोफूचे दोन घास. झोप सव्वानऊ ते सहा. बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला तशी खिडकीशी जाऊन म्हणाली, घर हाक मारतंय. खिडकीच्या फटीतून वारा येतो म्हणून रविवारी निळी चिकटपट्टी लावली. तिने एक तुकडा मागून घेतला आणि टेबलाच्या पायाला चिकटवला."

मिसाओ बर्फाच्या कारखान्यामागे राहत होती. रविवारी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीला निळी चिकटपट्टी लावली होती. फाईलमधला पत्ता तिने शेवटी वाचला. तोपर्यंत तो वाचायची गरजच उरली नव्हती.

"हिला न्यायला कोण येतं?" तिने शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं.

काशिवागुरा सेन्सेईंनी दाराकडे पाहिलं. शिराहाता स्वयंपाकघरात स्वयंपाकिणीशी मुळ्याच्या लोणच्यावर बोलत होते.

"आई येतात," बाई म्हणाल्या. "रोज, साडेपाचनंतर."

"कशा आहेत त्या?"

बाईंनी मास्क नाकावर नीट ओढला. "शांत आहेत," त्या म्हणाल्या. "फार दिवस कोणाशी बोललं नाही की माणूस कसं बोलतं, तसं बोलतात." मग घाईने, "माफ करा."

साडेपाचनंतर मिसाओ रोज कचेरीत असे, सहा वाजेपर्यंत, शिराहातांच्या समोरच्या टेबलावर. हे तिने मनाशी दोनदा घोळवलं. मग तिने वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती काढून घेतल्या, तपासणीचा भाग म्हणून, आणि पावतीवर सही केली. सही करताना ती थांबली आणि नेहमीपेक्षा वेगळ्या वळणाने नाव लिहिलं.

घरी आल्यावर तिने कोट न काढताच टेबलाखाली वाकून पाहिलं. पुढच्या उजव्या पायाला, गुडघ्याहून खाली, निळ्या पट्टीचा बोटभर तुकडा होता, तिरका, अंगठ्याने दाबून दाबून बसवलेला. आपल्याच हातून लागला असेल, ती स्वतःला म्हणाली. पट्टी फाडताना कुठेही चिकटते. त्यापलीकडे घरात काही नव्हतं. एक वाटी, एक कप, न्हाणीत एक टॉवेल. तिने कपाटं उघडून पाहिली, अंथरुणं हुंगून पाहिली. वास फक्त घासलेटाच्या शेगडीचा आणि तिचा स्वतःचा.

मग दुकानातून आणलेला भात गरम करून ती टेबलाशी बसली आणि प्रती वाचू लागली.

तिला भीती वाटायला हवी होती. ती वाट बघत राहिली, पण भीती आली नाही. आलं ते वेगळंच, आणि त्याला नाव द्यायला तिला दोन रात्री लागल्या. तो मत्सर होता. याच टेबलाशी, याच दिव्याखाली, चार महिने कोणीतरी तांदळाची पेज फुंकून गार करत होतं, मोजे उलटे घातल्यावरून भांडत होतं, ताप उतरला म्हणून पहाटे रडलं होतं. एका पानावर लिहिलं होतं, "ही आल्यापासून घरात बोलावं लागतं. आवाज अजून नीट निघत नाही." मिसाओने ते वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून निघाल्यावर सोमवारी सकाळपर्यंत तिला कोणाशी बोलायचं काम पडत नसे, आणि सोमवारी पहिला शब्द नेहमी खरखरत येई. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोण होतं?

आठवड्याने शिराहातांनी विचारलं, "ते नव्या पाळणाघराचं झालं का? मुलांची नावं गावाच्या नोंदवहीशी जुळली?"

तिने जुळवून पाहिली होती. अठरा जुळली. शिओरी ओनोदेरा नावाचं मूल कुरोहामात कुठल्याच घराच्या नोंदीत नव्हतं. मिसाओच्या पत्त्यावर एकच माणूस होतं. असं आढळलं तर त्याच दिवशी वर कळवायचं, पाळणाघराचे प्रवेश थांबवायचे, आणि बालकल्याणवाल्यांनी मुलाला ताब्यात घेऊन चौकशी करायची, हा नियम तिनेच नव्या लोकांना शिकवला होता. दोन अनोळखी माणसं त्या मुलीचा हात धरून तिला गाडीत बसवताहेत, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"सगळी जुळली," ती म्हणाली.

"तुमची ती ओनोदेराही?"

"तीही."

"म्हणजे गोतावळा वाढला तुमचा," ते हसले. "नववर्षाला खाऊ द्यावा लागेल आता."

तीही हसली, पण जरा उशिरा. अहवालात तिने "त्रुटी आढळली नाही" असं लिहिलं, खाली शिक्का मारला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा खोटा कागद पुढे पाठवला. त्याच दिवशी पोटात दुखतंय असं सांगून ती पाच वाजता कचेरीतून निघाली.

पाळणाघरासमोर बसथांबा होता, तिन्ही बाजूंनी बंद. ती तिथे उभी राहिली. तिला फक्त बघायचं होतं. जी बाई येईल तिची चाल बघायची होती, तिचा कोट, जमलं तर मास्क सरकल्यावर तिचं तोंड. अंधारून आलं होतं आणि बारीक बर्फ आडवा उडत होता. आया आल्या, दोन बाप आले, एक आजोबा घसरगाडी ओढत आले आणि नातवाला तिच्यावर बसवून घेऊन गेले. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. खिडकीतले दिवे एकेक करून मालवले गेले, आणि सहाला पाच कमी असताना दारातला एकच दिवा उरला. त्याच्या उजेडात, काचेच्या आत, कोट-टोपी घालून शिओरी उभी होती. तिच्या मागे काशिवागुरा सेन्सेई.

आज ती बाई येणार नाही, हे मिसाओच्या लक्षात आलं. आणि त्या पाठोपाठ, का येणार नाही, हेही: आज तिच्या जागी मिसाओ स्वतः इथे उभी होती.

दार उघडलं. "ओनोदेरा-सान," बाईंनी हाक मारली, "तिथे थंडीत कशाला उभ्या राहिलात? या ना."

नाही म्हणायला तेवढाच क्षण होता. ती मी नव्हे. एवढंच म्हणायचं होतं. मिसाओ रस्ता ओलांडून गेली.

"जेवण सगळं संपवलं. दीड तास झोपली," बाई पिशवी आणि वही तिच्या हातात देत म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "त्या दिवशी तुम्ही ओळख दाखवली नाहीत. मी समजले. तुमचं काम तसंच आहे."

"तुम्हाला फार त्रास दिला," मिसाओ म्हणाली. शब्द खरखरत आले.

शिओरीने हात वर केला. लोकरीच्या हातमोज्यातला तो हात मिसाओच्या हातात इतक्या सवयीने आला की तिची बोटं आपोआप मिटली. तिने आजवर शेकडो मुलांचे श्वास तपासले होते. हात धरून चालायची वेळ कधी आली नव्हती. दोघी चालू लागल्या. वाट मुलगीच दाखवत होती. कोपऱ्यावरच्या बर्फाच्या ढिगाला ती डावीकडून वळसा घालून गेली, जसा मिसाओ रोज घालत असे. मिसाओ मनातल्या मनात रात्रीचा बेत करत होती. घरात भोपळा नव्हता. अंडी होती. वाटी एकच होती, पण आपण कपात जेवू. न्हाणीचं पाणी फार गरम नको. वहीत काय लिहायचं, त्याचं पहिलं वाक्यही तिला सुचलं.

"आज काय केलंस दिवसभर?" तिने विचारलं.

"वाट बघितली," शिओरी म्हणाली.

घराच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता. सकाळी तो मालवल्याचं मिसाओला स्पष्ट आठवत होतं. काचेवर आतून वाफ धरली होती आणि शिजत्या भोपळ्याचा गोडसर वास बाहेरपर्यंत येत होता. शिओरीने हात सोडवून घेतला, सरकतं दार स्वतःच्या अंगापुरतं उघडलं, बूट काढले, आणि त्यांची टोकं दाराकडे करून नीट जुळवून ठेवले. मिसाओ वाकून आपल्या बुटाची चेन खाली ओढू लागली.

"नको," शिओरी कुजबुजली. तिने हातमोज्यातलं बोट ओठांवर ठेवलं होतं. "आई झोपलीय."

मिसाओ तशीच वाकलेली राहिली. दोघींचे चेहरे एका उंचीवर आले होते.

"मग मी कोण?" तिने तितक्याच हळू विचारलं.

मुलीने विचार केला. प्रश्न अवघड नव्हता, पण इतक्या मोठ्या माणसाने तो विचारावा याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"तू आणायला येणारी," ती म्हणाली. मग पिशवी आणि वही मिसाओच्या हातातून घेऊन, शहाण्यासारखी मान लववून, "उद्या लवकर ये."

मिसाओ एक पाऊल मागे सरली. दार हलकेच सरकत बंद झालं. बाहेर बर्फ उडत होता, आणि कोटाच्या खिशात तिच्या बोटांना त्या घराची किल्ली लागत होती. ती काढावी की नाही हे तिचं ठरत नव्हतं, तेवढ्यात दाराची वरची कडी आतून बसल्याचा आवाज आला. ती कडी लावायची तर मिसाओला स्वतःला टाचा उंच कराव्या लागत.