बकुळा आणि मी, दोघं चुकलो

मित्रांनो, दिसायला मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत मला डोकं आहे अशी ख्याती होती. त्याचा थोडा गर्व मला आजही आहे.

१९६० साली मला कोंडीरामने घडवलं. तो गिरणीत वायरमन होता. परदेशातल्या, चुकांतून शिकणाऱ्या गणकयंत्रांबद्दल त्याने पेपरात वाचलं होतं. खोलीएवढं यंत्र त्याला कुठून मिळणार? त्याने माझ्या झाकणाला भोक पाडलं, पोटात चार तांबडे आणि चार पांढरे मणी टाकले आणि बाहेरून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं जुनं पत्रक चिकटवलं. तान्हं मूल कसं शिकतं, ते त्याला भीमजयंतीला माझ्याकरवी दाखवायचं होतं.

खेळ सोपा होता. दोन वाट्या उपड्या घालून एकीखाली खुळखुळा लपवायचा. मला उलटं करून हलवलं की एक मणी पडे. तांबडा म्हणजे डावी वाटी, पांढरा म्हणजे उजवी. खुळखुळा सापडला की तो मणी त्याच रंगाचा आणखी एक जोडीदार घेऊन पोटात परत येई. नाही सापडला तर बाहेरच राही.

घरात मात्र काळजी होती. कोंडीरामची बकुळा नऊ महिन्यांची. डाव्या वाटीखालचा खुळखुळा ती लगेच काढी. पण नंतर तिच्या डोळ्यांदेखत तो उजवीखाली ठेवला, तरी ती डावीच उचले. शेजारची सुंदराबाई म्हणाली, "पोरगी मंद हाय गं." तेव्हापासून बकुळाच्या आईला, मालनला, घास गोड लागेना.

जयंतीला दहा वेळा खुळखुळा डावीखाली ठेवला. माझं पोट तांबड्या मण्यांनी भरलं, पांढरे दोनच उरले, टाळ्याही मिळाल्या. मग कोंडीरामने तो उजवीखाली सरकवला. मी तांबडाच टाकला. पुन्हा तांबडा. लोक हसू लागले आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालन उठली. "थांबा, आमची बकुळाबी असंच करती." तिने लेकीला वाट्यांपुढे बसवलं, खुळखुळा आधी डावीखाली आणि मग तिच्या डोळ्यांदेखत उजवीखाली ठेवला. बकुळाने बघून बघून डावीच उचलली.

"बगा," मालन म्हणाली, "दोगांना डाव्या वाटीची सवय लागलीय. मंद कुणी नाय."

सुंदराबाईने स्वतःच खुळखुळा पुन्हा उजवीखाली ठेवला. मग म्हणाली, "चालू ठेव की कोंडीराम, थांबलास का?"

तांबडे मणी एकेक कमी झाले, पांढरे पडू लागले. बकुळाने मात्र उजवी वाटी उचलली ती महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात. चाळीतले पेढे तिच्याचसाठी आहेत असं मालनला वाटलं.

आता बकुळा आजी झाली आहे. मला गंज चढलाय, झाकण सैल आहे, एखादा मणी कपाटाखाली घरंगळतो. मित्रांनो, सापडला तर माझ्या पोटात परत टाका. आणि कुणी लहानगं चुकीची वाटी उचलत असेल, तर हसू नका. खुळखुळा पुन्हा लपवा.