बंद हॉलमधला खुबा

माझी भाची नाचायला लागली की तिच्या डाव्या खुब्यातून 'कट्' असा आवाज यायचा. पाय वर गेला की कट्, खाली आला की कट्. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. तिचे मास्तर कौतुकाने म्हणायचे, "हिला ताल द्यायला माणूस नको, सांधाच पुरे." नव्या नाचातली मधली जागाही त्यांनी तिलाच दिली होती.

पुढे जांघेत कळ सुरू झाली. मोजा घालायलासुद्धा पाय वर येईना, तेव्हा मी तिला फिजिओबाईंकडे नेलं. बाईंनी पाय सगळीकडून फिरवून पाहिला.

"पावलं बाहेर वळवायची ती खुब्यातून, आणि तो वळेल तेवढीच. तू गुडघ्यातून ओढून वळवतेस. मागचे स्नायू झोपलेत, पुढचा एकटा राबतोय, हाडावरून घसरून तोच कटकट करतोय. आतली कूर्चा फाटायला आलीय. आत्ता थांबलीस तर पुन्हा नाचशील. नाहीतर जन्मभर दुसऱ्यांचा नाच बघशील."

भिंगरी थांबली. मी उशाशी पहाऱ्याला असायचो. मांड्यांना रबरी पट्टा बांधायचा, कुशीवर झोपायचं, टाचा जुळवायच्या आणि वरचा गुडघा हळूहळू उघडायचा, एवढीच तिला परवानगी. थोड्याच दिवसांत आवाज गेला. कळ मात्र वाढत चालली.

बाईंनी तिला फैलावर घेतलं. "चोरून नाचतेस."

"आईशप्पथ नाही."

"हा सांधा रोज मरमर नाचलेला आहे."

"मी साक्षीला आहे ना," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही दुपारी घोरता," भिंगरीच म्हणाली.

"घोरतो, पण एका डोळ्याने."

तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. भिंगरीकडे तालमीच्या हॉलची दुसरी किल्ली आहे का, असं ते विचारत होते. दाराला कुलूप होतं आणि आतून तिच्या खुब्याचा आवाज येत होता. भिंगरी त्या वेळी आमच्यासमोर तपासणीच्या पलंगावर पडलेली होती. फोनमधून मागे ते बारीकसं कट् ऐकू आलं, आणि इकडे तिने जांघ दाबून धरली.

आम्ही हॉलवर गेलो. मास्तरांनी कुलूप काढलं. लाकडी जमीन, भिंतभर आरसा, खिडक्यांतून भरपूर ऊन, माणूस एकही नाही. मधल्या जागेवरच्या फळ्या दबत होत्या, उठत होत्या. कट्. कट्. आरशावर, भिंगरीच्या तोंडाच्या उंचीला, श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती.

"पण ताल बघा," मास्तर पुटपुटले, "तसूभर चुकत नाही."

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. मग भिंगरीकडे वळल्या. "नाच इथे राहिलाय आणि कळ तुझ्याबरोबर घरी आलीय. त्याला दुखतच नाही, तर ते थांबेल कशाला? जा, त्याचं दुखणं त्याला नेऊन दे."

भिंगरी हलेना. "ते माझ्याहून छान नाचतंय, बाई. मी गेले आणि ते कायमचंच थांबलं तर?"

"थांबलं तर चालता तरी येईल. आणखी आठवडाभर असंच नाचलं तर तेही नाही."

ती लंगडत गेली आणि त्या फळ्यांवर उभी राहिली. आवाज अर्ध्यावर तुटला. मग "आई गं" असं कुणीतरी कण्हलं. आवाज भिंगरीचा होता, पण तिचे ओठ मिटलेले होते. तिच्या शेजारची फळी करकरली, कुणी खाली बसावं तशी. आरशावरची वाफ आता खालच्या अंगाला आणि भराभर उमटत होती.

"आता ऐकेल," म्हणत बाईंनी पिशवीतून दोन पट्टे काढले. एक भिंगरीच्या मांड्यांना बांधला, दुसरा शेजारी जमिनीवर ठेवला. "दोघी कुशीवर व्हा. टाचा जुळवा. कंबर मागे कलंडू द्यायची नाही."

जमिनीवरचा पट्टा वीतभर वर उचलला गेला आणि ताणून थरथरायला लागला.

"हळू," बाई त्या रिकाम्या पट्ट्याला म्हणाल्या, "घाई सगळी तुझीच आहे."

थरथर हळूहळू थांबली. भिंगरीचा गुडघा आणि तो पट्टा बरोबरीने उघडायला लागले, बरोबरीने मिटायला लागले. कळ निम्मी झाली, असं भिंगरी म्हणाली. दुसरी निम्मी कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

मास्तरांनी घसा खाकरला. "मग नव्या नाचात हिला धरू ना?"

"धरा. पण मी सांगेन तेव्हाच, आणि पाय मी सांगेन तेवढाच वळवायचा," बाई म्हणाल्या. "आणि मधली जागा जरा रुंद ठेवा."