त्या म्हणजे कोण?

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत मॅडमच्या हाताखाली दोघी बल्गेरियन होत्या, मावशी आणि तिची भाची. मॅडम हे काही तिचं नाव नव्हे, सुपरवायझर झाल्यापासून चिकटलेलं. मावशीला कामापुरतं इंग्रजी यायचं, भाचीला त्याहून बरं. पण घड्या घालताना दोघी आपल्या भाषेत सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. मॅडमला इंग्रजीपलीकडे एक अक्षर येत नव्हतं. दिवसभर समोर दोन माणसं बोलतायत, हसतायत, आणि आपण खांबासारखं उभं, याचा तिला फार शीण यायचा. आधीच शीण काय कमी होता? गुडघे कुरकुरायचे. घरी नवऱ्याची पाठ धरलेली, म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाकही तिच्याच गळ्यात.

शेवटी तिने फोनवर बल्गेरियन शिकायला घेतलं.

"या वयात कशाला डोक्याला ताप?" नवरा पलंगावरून म्हणाला.

"मला काही भाषण ठोकायचं नाहीये. नुसतं कळलं तरी पुरे."

पहिलाच धडा सर्वनामांचा. 'आझ' म्हणजे मी, 'तोय' म्हणजे तो, 'त्या' म्हणजे ती. इथवर ठीक चाललं. पण 'ती' म्हणजे तू, आणि मान द्यायचा तर 'वीए', इथे तिची गाडी अडली. साहेबालाही एकच शब्द आणि मांजरालाही तोच, अशा भाषेत वाढलेली बाई ती. कुणाला काय म्हणायचं हे तिला उमगेना. फोन एकामागून एक लाल फुल्या दाखवी. बसमध्ये फुल्या बघता बघताच तिचा डोळा लागायचा आणि स्टॉप मागे राहायचा.

अर्धवट ज्ञान झालं आणि घोळ तिथेच झाला. दोघींच्या त्या धबधब्यातून तिला आता एक शब्द नेमका ऐकू यायला लागला, 'त्या'. आपण मराठीत 'त्या' म्हटलं की मान दिल्यासारखं वाटतं, पण हा 'त्या' तसा नव्हता. भाची नाक मुरडून म्हणायची, "त्या पाक!" आणि मावशी खुसखुसायची. मॅडमने फोनवर बघितलं. 'पाक' म्हणजे पुन्हा. मग एकदा 'स्तारा' कानावर पडलं. तेही बघितलं. म्हातारी! तळघरात चौथी बाई नव्हती. मग ही म्हातारी कोण? आपणच की!

त्या संध्याकाळी तिने ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्याने विचारलं, तर "दमले" एवढंच म्हणाली.

सकाळी तिने भाचीला बोलावलं. "आजपासून तू मळक्या कपड्यांकडे."

रक्ताचे डाग, ओकारी, नाकात बसणारा वास. ते काम आळीपाळीने करायची रीत होती. भाचीने विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही नाही. तिकडे माणूस कमी पडतंय."

भाची गेली. टेबलावर मावशी एकटीच मुकाट्याने घड्या घालू लागली. मॅडमला वाटलं होतं, आता जिवाला बरं वाटेल. कसलं काय! ती शांतता बडबडीपेक्षा जड झाली.

चार-पाच दिवसांनी चहाच्या सुट्टीत मावशी येऊन समोर बसली. "मुलगी रडते घरी. काय केलं तिने?"

"मला म्हातारी म्हणता तुम्ही दोघी," मॅडम म्हणाली. "त्या, त्या, दिवसभर. कळतं मला आता."

"आमची भाषा शिकताय?"

"सर्वनामांपर्यंत आलेय."

मावशीने कोपऱ्यातल्या जुन्या धुण्याच्या मशीनकडे बोट केलं. ते नेहमीसारखं थडथडत होतं, खालून पाणी गळत होतं. "त्या! पुन्हा गळते. म्हातारी झाली. आमच्यात मशीन बाई असतं, मॅडम. उशी बाई. चादर पुरुष."

मॅडमच्या भाषेत निर्जीव वस्तू म्हणजे नुसती वस्तू. त्यांनाही बाई-पुरुष असतं, हा धडा फोनवर अजून यायचा होता. तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे माझ्याबद्दल कधीच बोलत नाही?"

"बोलतो की," मावशी म्हणाली. "पण तेव्हा हळू बोलतो."

मॅडमला हसू आलं आणि लाजही वाटली. चहा तसाच टाकून ती पलीकडच्या खोलीत गेली. भाची कोपरापर्यंत हातमोजे चढवून चादरी वेगळ्या करत होती.

"माझी चूक झाली. मी भलतंच समजले," मॅडम म्हणाली. "टेबलावर जा परत. आत्ताच जा."

"भलतंच म्हणजे काय?"

मॅडमने सगळं सांगितलं. भाची हसली नाही. "मला विचारायचं होतंत," एवढंच म्हणाली आणि हातमोजे काढू लागली.

विचारायचं होतंच. ढीग तर समोर पडलेला, वॉर्डांतून आणखी यायचा होता, कुणीतरी तो करायलाच हवा. तिने नवे हातमोजे घेतले आणि गुडघे धरत वाकून मळक्या कपड्यांची एक पिशवी उचलली.

भाची दाराशी थबकली. "पिशवीचं तोंड आधी बांधा, मग उचला," ती तुटकपणे म्हणाली. "नाहीतर अंगावर सांडतं."

मॅडमने पिशवी खाली ठेवली आणि तोंड बांधायला घेतलं.