लिंबू कुणाच्या बाजूला

इकडेतिकडे बघू नका, मीच बोलतेय. मी ताजीन, रांधायचं भांडं. खाली पसरट थाळी, वर टोकदार झाकण, दोन्ही मातीची.

इत्तोनं लग्नाच्या वर्षी मला आणलं, रात्रभर पाण्यात भिजवलं, तेल चोळलं आणि मगच कोळशाच्या शेगडीवर चढवलं. बास्सू आणि हम्मू हे तिचे दोन्ही मुलगे माझ्यातूनच खाऊन वाढले. आमच्याकडे वेगळी ताटं नसतात. सगळे माझ्याभोवती बसतात आणि रोटीच्या तुकड्यानं आपापल्या बाजूचं खातात. दुसऱ्याच्या बाजूला हात गेला की इत्तोचा फटका मनगटावर बसलाच. हम्मूला तो रोज बसायचा. बास्सूला खारवलेलं लिंबू आवडत नसे आणि हम्मू ते त्याच्या पुढ्यातून पळवायचा.

पुढे शेताच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं. हम्मू वेगळा राहायला लागला. चार वर्षं अबोला. माणसांचं मला नवल वाटतं. ते पाणी केव्हाच वाहून गेलं, राग काही जाईना.

त्या दिवशी हम्मू संध्याकाळच्या बसनं दूरदेशी कामाला निघणार होता. कधी परतेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इत्तोनं त्याला दुपारी, बास्सू शेतावर असतो त्या वेळी, जेवायला बोलावलं; बास्सूलाही जेवायला घरी यायला सांगितलं, पण दुसराही येणार आहे हे एकालाही कळू दिलं नाही.

माझ्यात मटण शिजत होतं, कांदा, ऑलिव्ह, लिंबू घातलेलं. दोघे समोरासमोर येणार म्हणून बास्सूची बायको यामना आधीच धास्तावलेली. रस आटतोय असं वाटून तिनं झाकण उचललं आणि घाईघाईत माठातलं गार पाणी ओतलं. तापलेल्या मातीवर गार पाणी! टच्‌कन आवाज झाला. मला तडा गेला आणि रस कोळशावर चुरचुरला.

"अगं बाई! आई, आता काय करायचं हो? कुकरमध्ये काढू का सगळं?"

"आणि मग ताटांत वाढशील? एक ताट घेऊन गच्चीवर जाईल, दुसरा अंगणात. कणीक आण आधी. रडायचं ते नंतर रड."

इत्तोनं मला उतरवलं आणि खालून तड्यावर कणीक दाबली. बोटं भाजली तरी हूं की चूं केलं नाही. मंद निखाऱ्यावर मी पुन्हा बसले. तडा इंचाइंचानं सरकताना मला कळत होतं. जेवणं होण्याआधीच फुटेन, एवढीच भीती वाटत होती हो.

बास्सू येऊन बसला. मागून हम्मू दारात आला, भावाला पाहिलं आणि तसाच वळला.

"आई, मला बसची घाई आहे."

"बस संध्याकाळी आहे, मला फसवू नकोस. दोघं बसल्याशिवाय मी झाकण काढणार नाही. ही फुटायला टेकलीये. फुटली तर तुमच्यापायी."

बास्सू जमिनीकडे बघत पुटपुटला, "बसू दे की त्याला. मी काय अडवलंय?"

हम्मू बसला, पण माझ्या पार पलीकडच्या कडेला. झाकण निघालं. मधलं मटण आजवर इत्तोच वाटायची. आज तिनं भाजलेली बोटं दाखवली. "बास्सू, थोरला ना तू? तूच वाट."

बास्सूनं मटण तोडलं. नळीचं हाड घेतलं, वर न बघताच हम्मूच्या बाजूला सरकवलं. हम्मूनं त्या हाडाकडे पाहिलं. मग त्याचा हात सरळ माझ्यावरून पलीकडे गेला आणि बास्सूपुढची लिंबाची फोड त्यानं उचलली.

"अजून खात नाहीस ना?"

"नाही," बास्सू म्हणाला. "घे. सगळंच घे."

इत्तोचा हात सवयीनं वर झाला होता. तिनं तो स्वतःच्या डोळ्यांना लावला.

जेवणं होईपर्यंत मी कशीबशी तग धरली. यामनानं उचललं तेव्हा थाळीचे दोन तुकडे झाले. हम्मूची पेटी बसपर्यंत बास्सूनं वाहून नेली.

आता मी नुसतं झाकण आहे. खाली बाजारातून आणलेली नवी थाळी असते. माझं एकच मागणं आहे. हम्मू, लवकर ये. रोज झाकण निघतं, रोज सगळे जेवून उठतात आणि बास्सूच्या बाजूला लिंबू तसंच राहतं. त्याला कुणीही हात लावत नाही.