काळी माती पथकाचं पारंपरिक गाणं

सेलूच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना चौघांनी मिळून 'काळी माती लोकगीत पथक' काढलं, तेव्हा सुग्रीवला पक्कं वाटत होतं की चार-पाच वर्षांत आपलं नाव रेडिओवर ऐकू येईल. तसं ते एकदा आलंही. निवेदकानं सुग्रीवऐवजी सुभाष म्हटलं आणि गाणं अर्ध्यावर असताना बाजारभाव लागले. त्याच्या आईनं मात्र गावभर सांगितलं की आमचा सुग्रीव रेडिओत आला अन् कापूस वधारला.

पथकात सुग्रीव गाणी लिहायचा, गोपीचंद पेटी वाजवायचा, सूर्यभान ढोलकी. पंकजा आणि सुग्रीव जोडीनं गायचे. खरं म्हणजे पंकजाच गायची, सुग्रीव कानावर हात ठेवून उभा असायचा. पुढे चौघंही पोटामागे लागले. सुग्रीव जिंतूरला हायस्कुलात मास्तर झाला, सूर्यभान एसटीत कंडक्टर, पंकजा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, आणि गोपीचंदनं सेलूतलं वडिलांचं कापडदुकान धरलं. पथक तेवढं मोडलं नाही. ते चालू आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, मग मोडणार कोण, असं पंकजा म्हणायची.

लोकांच्या गळी काही उतरवायचं असलं की सरकारी कचेरीतून यांना बोलावणं यायचं. लिहायला शिका, कुटुंब लहान ठेवा, झाडं लावा, संडास बांधा. चाल एकच असायची, सुग्रीव शब्द बदलायचा. एकदा घाईघाईत त्यानं झाडांच्या गाण्यात कुटुंबाचं कडवं घातलं. 'एक किंवा दोन, बस' हे ऐकून त्या गावच्या सरपंचानं दोन रोपं ठेवून घेतली आणि बाकीचा टेम्पो माघारी धाडला. ताडकळसच्या आठवडी बाजारात तर एवढी गर्दी जमली की सुग्रीवचे डोळे भरून आले. त्यानं तेच गाणं तिसऱ्यांदा उचललं, तेव्हा पंकजानं हळूच मागे बघायला सांगितलं. त्यांच्या पाठीशी एकजण गळ्यात धामण घालून दातांचं औषध विकत होता.

अशी सगळी हयात गेली. सुग्रीव रिटायर झाला. आणि गेल्या हिवाळ्यात परभणीच्या एका कॉलेजातून फोन आला की लोकगीत स्पर्धेला परीक्षक म्हणून या. ठरलेले परीक्षक आजारी पडले होते आणि दुसरं कुणी मिळत नव्हतं, हे फोनवरच्या प्राध्यापकांनी काही लपवलं नाही. सुग्रीवनं तेवढा भाग गाळला आणि बाकीच्यांना कळवलं की पथकाचा मान हाय, सगळे या. तिघंही आले. गोपीचंद तर दुकानातलं नवं कोरं जाकीट घालून पहिल्या रांगेत बसला आणि हार कधी घालायलेत ते बघत राहिला.

स्पर्धेचा नियम साधा होता. गाणं पारंपरिकच पाहिजे; कवीचं नाव ठाऊक असलेलं गाणं म्हटलं तर संघ बाद. सुग्रीवनं तो नियम मान डोलवत ऐकला. दुपारपर्यंत डुलक्या आवरत त्यानं गुण मांडले. मग सहा मुलींचा एक संघ आला. पुढे उभ्या असलेल्या मुलीचं नाव निकिता. निवेदिकेनं सांगितलं, हे आपल्या भागातलं जात्यावरचं जुनं गाणं, कवी अज्ञात. आणि निकितानं आवाज लावला.

'चुलीम्होरं बसून गं, अक्षर गिरविते,
राखंवरी बाई माझं नाव मी लिहिते.'

सुग्रीवच्या हातातला पेन थांबला. हे गाणं त्यानं साक्षरतेच्या मोहिमेत, जिंतूरच्या बसस्टँडवर एसटीची वाट बघत लिहिलं होतं. पहिल्या रांगेत गोपीचंद अर्धा उठला होता आणि सूर्यभाननं त्याला जाकिटाला धरून खाली ओढलं होतं. पंकजा डोळे मिटून ऐकत होती.

शेवटचं कडवं मात्र सुग्रीवचं नव्हतं. त्याच्या गाण्यात शेवटी 'या गं साऱ्या वर्गाला' होतं. या मुली म्हणत होत्या:

'सासू पुसे राखंमंदी नाव हे कुणाचं,
वाऱ्यानं गं न्हेलं तरी हाय ते मनाचं.'

हे आपल्यापेक्षा बरं आहे, हे सुग्रीवला पहिल्या झटक्यात कळलं. ते कबूल करायला त्याला मधल्या सुट्टीतले दोन चहा लागले.

शेजारी परीक्षक म्हणून बसलेले प्राध्यापक खूश होते. भाषेवरून गाणं किमान दोनशे वर्षं जुनं दिसतं, असं त्यांनी सांगितलं आणि सुग्रीवचं मत विचारलं. सुग्रीव म्हणाला, तेवढं नसेल, पण वय झालंय खरं.

मग तो मांडवामागे गेला. निकिताला विचारलं, हे कुणाकडून शिकलीस. तिनं सांगितलं की तिची आजी तानुबाई, ताडकळसची. आजी ऊसतोडीला जायची. तिथं कोपीवर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, जिंतूरकडची कुणी बाई हे म्हणायची, तिच्यापासून आजीनं उचललं.

"आन् लिहिलं कुणी असंल?" सुग्रीवनं शक्य तेवढ्या सहज विचारलं.

"असं गाणं कुणी लिहीत न्हाई, सर," निकिता समजुतीनं म्हणाली. "ते असतंच."

तेवढ्यात गोपीचंद तिथं पोचला. त्यानं सुग्रीवला बाजूला घेतलं. घरी कॅसेट आहे, आपल्या चौघांच्या आवाजात. आत्ता उठून माइकवर सांग, जन्मात एकदा तरी नाव होऊ दे, असा त्याचा हेका होता. सुग्रीवला ते मनापासून पटत होतं. माइकवर काय बोलायचं त्याची दोन वाक्यंसुद्धा मनात जुळली होती, आणि ती त्याला फार आवडली होती. फक्त ती बोलल्यावर या सहा पोरी बाद होणार होत्या.

पंकजा मागून आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"भाऊ, आपून इतके वर्षं गायलो," ती म्हणाली. "आपलं एक बी गाणं कुणी घरी न्हेलं न्हाई. एक न्हेलंय, तर तुमी काय आता फिर्याद करायलाव?"

सुग्रीवनं तिच्याकडं पाहिलं. मग आतल्या आत ती दोन सुंदर वाक्यं गिळली आणि जाऊन खुर्चीवर बसला. प्राध्यापकांनी पुन्हा विचारलं, पारंपरिक म्हणून धरायचं ना. सुग्रीव म्हणाला, धरा.

निकिताच्या संघाला पहिला नंबर मिळाला. ढाल सुग्रीवच्या हस्ते दिली गेली. निवेदिकेनं त्याचं नाव बरोबर घेतलं, पण तोवर माइक बंद पडला होता.

मंडप उठायला लागला तेव्हा मुलींनी सगळ्यांना बोलावलं. सर, तुमी पण म्हणता ना, म्हणा की आमच्यासंगं. सुग्रीवनं जोरात आवाज लावला आणि सवयीनं 'या गं साऱ्या वर्गाला' म्हणून मोकळा झाला. मुलींनी गाणं मधेच थांबवलं. निकितानं अदबीनं सांगितलं, "सर, हे तुमचं कडवं जरा सरकारी वाटायलंय."

गोपीचंद इतका हसला की नव्या जाकिटाचं बटण तुटलं.

पुढच्या फेरीसाठी मुलींना ढोलकी शिकवणारं कुणी नव्हतं. सूर्यभान हो म्हणाला, आणि त्याच्यामागे बाकीचेही गेले. आता दर रविवारी चौघं परभणीला जातात. सूर्यभान ठेका बसवून घेतो, पंकजा आवाज घडवते, गोपीचंद पेटी धरतो. सुग्रीवनं सुरुवातीला गाणं समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण मुलींना ते आधीच समजलेलं होतं. म्हणून त्याला झील दिलीय. मागे उभं राहायचं आणि मुलींनी सोडलेली ओळ उचलायची. मागच्या रविवारी निकितानं त्याला थोडं हळू म्हणायला सांगितलं. तो हळू म्हणायला लागला. तसं गाणं लय चांगलं लागलं.