सात नंबरचा दिवा

ज्योतबापूंनी प्लग उपटला आणि ती जाड काळी वायर सगळ्यांना दिसेल अशी डोक्यावर धरली.

“जुओ! वीज काढी लीधी! हवे ज्योत जुओ!”

वीज काढली, आता ज्योत बघा, असं त्यांचं गुजरातीतलं म्हणणं; आणि समोरच्या यंत्रावरची ज्योत होती तशीच होती. तरसालीतल्या त्या बंगल्याच्या हॉलमध्ये दीडशे माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, ती एका दमात हात जोडून पुढे वाकली. कुणी रडलं, कुणी जयजयकार केला. बापूंनी मग यंत्रातली एक अख्खी लोखंडी पट्टी बाहेर ओढली, कपाळाला लावली आणि परत आत सरकवली. बाकीचे दिवे ढिम्म हलले नाहीत. “देह जाय, आत्मो न जाय!” असं म्हणून बापूंनी माइक तोंडाजवळ घेतला. बापूंना माइक फार आवडे.

यंत्र म्हणजे छोट्या कपाटाएवढी राखाडी पेटी. तिच्यात एकाखाली एक सरकवलेल्या पट्ट्या, पट्टीच्या टोकाला कायम तेवणारा दिवा, तीच ज्योत, पट्टीवर चौकोनी भोकांची रांग आणि प्रत्येक भोकावर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. मागची बाजू लाल मखमलीनं झाकलेली. एकेक भोक म्हणजे एकेका मृतात्म्याचा दरवाजा, असं बापूंचं शास्त्र होतं. बापू पिवळ्या वायरीचं टोक त्या दरवाज्यात खोचत. हिला आत्म्याची नाळ म्हणायचं, आणि हिचं दुसरं टोक धरतीच्या पोटात आहे असं मानायचं. मग प्रश्न विचारायचा. दिवा हिरवा लुकलुकला तर हो, नारिंगी झाला तर नाही.

तिसऱ्या रांगेत रमाकांत शिर्के बसले होते. शेजारी त्यांची बायको शालिनी, डाव्या पायाला पट्टी बांधलेली. त्यांचा एकुलता एक मुलगा सोहम दीड वर्षापूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला, त्याला सात नंबरचा दरवाजा मिळाला होता.

रमाकांत काही भोळे नव्हते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी दिव्यांचीच नोकरी केली होती. घरात फ्यूज गेला तरी त्यांची पद्धत खात्यातली: शालिनीला दिव्याखाली उभं करायचं, आपण मीटरजवळून तार हलवत ओरडायचं, आणि तिनं स्वयंपाकघरातून “आला”, “गेला” असं सांगत राहायचं. असा माणूस इथे तीन महिने हात जोडून का बसला? कारण त्यांनी ते कुंकू पाहिलं होतं.

सोहम सयाजीगंजमधल्या एका इंटरनेट कंपनीत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी खंडेनवमीला त्यानं आईबाबांना ऑफिसात नेलं. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारापात्यारांची पूजा असते. रमाकांतांच्या पक्कड-पान्यांना शालिनीनं जन्मभर हळदकुंकू वाहिलं, तसंच तिनं लेकाच्या यंत्राला वाहिलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट आणि खाली हळदीचं छोटं स्वस्तिक, एक पाय जरा वाकडा. पुढे सोहम गेला, काही महिन्यांनी कंपनीही बुडाली आणि सामान भंगारात निघालं. शेजारच्या येसूबाईंनी आग्रह करकरून शालिनीला बापूंकडे आणलं, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते वाकड्या पायाचं स्वस्तिक.

“अहो, हे माझं बोट आहे,” ती म्हणाली होती. “माझ्या हातचं. त्यानं बोलावलंय मला.”

रमाकांतांच्या अंगावर काटा आला. भंगारात विकलेली वस्तू कुणीतरी विकत घेतं, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आली नाही. खरं सांगायचं तर त्यांनी ती येऊ दिली नाही. मुलगा हवा होता, त्यांनाही हवा होता.

आणि मग तो सुईचा गुरुवार आला. शालिनीला चौदा वर्षांचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तिनं सहज विचारलं, “सोहम, मी सुई घेत राहू ना रे?”

बापूंनी प्रश्न माइकवर मोठ्यानं म्हटला आणि पुढे जोडलं, “विचार करीने बोल, बेटा.” दिवा नारिंगी झाला.

“बेन,” बापू म्हणाले, “तमने सोय वागे ने, ए एने वागे छे.”

सुई तुला टोचते, ती त्याला टोचते. आईला एवढं पुरलं. त्या दिवसापासून तिनं इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमधून काढून टाकल्या. रमाकांत रागावले, विनवण्या केल्या. ती एकच म्हणे, “ट्रकनं कमी दुखवलं का त्याला? आता मी दुखवू?” अंगठ्याला चप्पल चावल्याचं निमित्त झालं, जखम झाली, काळी पडली.

डॉक्टर चारुलता घरी आल्या, पट्टी सोडून बघितली आणि रमाकांतांना बाहेर घेऊन गेल्या. “काका, हे पसरतंय. इन्सुलिन सुरू करून काकींना या आठवड्यात दवाखान्यात आणा, नाहीतर पायच काय, काकीही हाती लागायच्या नाहीत. जुने रिपोर्ट आहेत ना?”

रिपोर्ट सोहम लावून ठेवायचा. त्याच्या कपाटाला दीड वर्षात कुणी हात लावला नव्हता. रमाकांतांनी ते उघडलं. रिपोर्टची फाइल होती, आणि तिला टेकून एक जाड पुस्तक. कव्हरवर तीच राखाडी पेटी. पुस्तकात घडी घातलेला एक कागद, सोहमच्या गोलगोल अक्षरातला. वर लिहिलं होतं: ‘आईबाबांसाठी. माझं यंत्र.’ खंडेनवमीला ऑफिसात दाखवायला त्यानं तो केला असावा, आणि गडबडीत राहून गेला असावा.

रमाकांत जमिनीवर बसले आणि वाचू लागले.

‘याला वीज दोन वायरींनी मिळते. एक काढली तरी दुसरी पूर्ण भार घेते, यंत्र बंद पडत नाही. पट्ट्या चालू यंत्रातून काढता-घालता येतात. दिवा हिरवा: तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे. हिरवा लुकलुकता: बोलणं चालू आहे. नारिंगी: बोलणं आहे, पण वेग कमी. विझलेला: दुसऱ्या टोकाला कुणी नाही. बाबा, घाबरायचं नाही, तुमच्या खात्यात करता तेच करायचं. तार बघायची.’

ते हुंदके देऊन रडले. तीन महिने ज्या आवाजासाठी रांगेत बसत होते, तो आवाज घरातल्या कपाटात होता.

त्यांनी कागद शालिनीला दाखवला. तिनं अक्षरावरून हात फिरवला आणि परत दिला. “हे तेव्हाचं आहे हो. आता तो तिथे बोलतो.”

“बरं,” रमाकांत म्हणाले. “गुरुवारी जाऊ. पण एक कबूल कर. दिव्यावर मी म्हणतो तशी नजर ठेवायची आणि दिसेल ते सांगायचं. खोटं नाही.”

“मी कधी खोटं सांगितलंय?”

गुरुवारी चार वाजता ती रिक्षातून उतरली ती त्यांच्या खांद्यावर भार टाकूनच. प्लग उपटून झाला, जयजयकार झाला. सात नंबरचा पुकारा झाला. शालिनी यंत्रासमोर पाट घेऊन बसली. बापूंनी पिवळी वायर खोचली, माइक घेतला. “सोहम, मा आवी छे. बोल, बेटा!”

दिवा हिरवा लुकलुकला. शालिनीच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून रमाकांतांचे पाय एकदा मागे सरले. क्षणभर त्यांना वाटलं, राहू दे. मग त्यांना तिच्या पायाच्या पट्टीचा वास आला.

ते उठले, खाली वाकले आणि त्यांनी पिवळी वायर हातात घेतली. ओढली नाही, नुसती धरली आणि तिच्यामागे चालू लागले.

“अडशो नहीं! पाप लागशे!” हात लावू नका म्हणून बापू ओरडले.

वायर जाजमाखाली गेली. रमाकांतांनी जाजम उचललं. वायर भिंतीकडे गेली, बाजूच्या बंद दाराखालून आत शिरली. धरतीचं पोट म्हणायचं ते हेच असावं. त्यांनी दार ढकललं. आत पंखा, कॉम्प्युटर, बशीत गाठिये आणि कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेला चाळिशीचा गृहस्थ. धवलभाई, सयाजीगंजात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे; रमाकांत त्यांना ओळखून होते. कोपऱ्यात स्पीकर, बापूंचं बोलणं ऐकायला. वायर कॉम्प्युटरच्या पाठीत शिरली होती.

धवलभाई अर्धवट उठले. “काका, हुं तो फक्त नोकरी करुं छुं...”

रमाकांतांनी वायर उपटली आणि तेहतीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात हाक दिली, “शालिनी! सात नंबर?”

हॉलमधून तिचा आवाज आला.

“गेला.”

त्यांनी वायर खोचली. “आता?”

“आला.”

परत काढली.

“गेला.” या वेळी आवाज फाटला होता. पण तिनं सांगितलं. दिसलं ते सांगितलं.

“धवलभाई,” वायर पुन्हा खोचून रमाकांत म्हणाले, “आता तुम्ही काय करता ते करा. विचार करीने बोल, बेटा.”

बापूंचा ‘नाही’चा इशारा ओळखून धवलभाईंनी मान खाली घालून दोन कळा दाबल्या. हॉलमधून शालिनी म्हणाली, “नारिंगी.”

तोवर पुढच्या रांगेतल्या एकानं मखमल ओढली होती. मागे दुसरी काळी वायर दिसली, भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली. त्यानं ती उपटली तसे सगळे आत्मे एकदम विझले. पेटीतला पंखा घरघरत थांबला. लोक ओरडू लागले. निम्मे बापूंवर, आणि हे लिहिताना लाज वाटते, पण निम्मे रमाकांतांवर. त्यांचेही दिवे विझले होते. त्या गोंधळात बापू मागच्या दारानं गेले. माइक मात्र घेऊन गेले.

शालिनी पाटावरून हलली नव्हती. रमाकांत तिच्याजवळ बसले. तिनं कोपऱ्यातल्या कुंकवावर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही विझवलंत त्याला.”

“हो,” ते म्हणाले. “तू राहावीस म्हणून.”

ती राहिली. पाय नाही राहिला. इन्सुलिन त्याच संध्याकाळी सुरू झालं, पण चुकलेल्या सुयांची भरपाई होत नाही. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला. शालिनी दोन महिने नवऱ्याशी बोलली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ नुसता दंड पुढे करी. रमाकांत सुई टोचत आणि तोंड फिरवून डोळे पुसत. या कथेत जिंकलं कोण, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

मग एके दिवशी दुपारी येसूबाई आल्या. मांडवीजवळ नवीन महाराज आलेत. फोटोतून राख पडते. मिस्टरांच्या, विश्वासरावांच्या, दम्यावर तोडगा दिलाय, फक्त श्वासाचा पंप बंद करायचा. “चालो ने शालिनीबेन, तुम्हाला पण शांती मिळेल.”

रमाकांत काही बोलणार, तोच शालिनीनं कुबडी काखेत घेतली. सोहमच्या खोलीत गेली, कागद घेऊन आली आणि येसूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

“वाचा. शेवटची ओळ.”

“तार बघायची,” येसूबाईंनी वाचलं. “म्हणजे?”

“म्हणजे राख पडली की फोटोला काय लावलंय ते बघायचं. प्लग काढूनही दिवा राहिला की दुसरा प्लग शोधायचा. हात जोडायच्या आधी एकदा मागे जाऊन बघायचं. देव असेल तर तो रागावणार नाही. आणि कुणी काहीही दाखवलं तरी विश्वासरावांचा पंप बंद करायचा नाही.” तिला धाप लागली. ती खुर्चीत बसली. “मला सगळे म्हणत होते, डॉक्टर म्हणत होती, हे म्हणत होते. मी ऐकलं दिव्याचं. कारण तो म्हणे माझा मुलगा होता.”

येसूबाई तिच्या पायाकडे बघत होत्या, जिथे तो नव्हता तिथे.

शालिनीनं कागदाची घडी घातली, पदराखाली धरली.

“तीन महिने मी त्याच्याशी बोलले, येसूबाई. त्यानं मला खरंच सांगितलेलं हे एवढंच आहे.”